टँकरचा नंबर आणि माझी एक ओळ

लिहून लिहून बोटं दुखत नाहीत, डोकं दुखतं. वीस वर्षं मी वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर चिकटवायच्या सूचना लिहिल्या. आता छावणीजवळच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत एआय एजंटसाठी लिहिते. एजंट म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन स्वतःच घेऊन काम उरकणारा प्रोग्राम. त्याच्या हाताशी दहा-बारा टूल असतात अन् प्रत्येक टूलखाली दोन-तीन ओळी: हे काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. त्या वाचून तो ठरवतो, कुठलं टूल घ्यायचं. त्या ओळी मी लिहिते. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "म्हणजे परत सूचनाच ना?" व्हय, परत सूचनाच.

मागच्या उन्हाळ्यात टँकरवाल्या एका एजन्सीचं काम आलं. आमच्याकडं नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक, म्हणून लोक टँकरचा नंबर लावून ठेवतात. नंबर मिळाला की दर तिसऱ्या दिवशी एक फेरी. अन् नेमका त्या दिवशी नळ आला तर माणसं आपणहून फोन करतात, आमचं भागलं, आजचा टँकर दुसऱ्या कुणाला द्या. कुणी शिकवलेलं नाही हे. उन्हाळा सगळ्यांचाच असतो.

त्यासाठी दोन टूल होती, 'फेरी सोडा' आणि 'नंबर बंद करा'. संध्याकाळ झाली होती, मी कंटाळले होते, खोटं कशाला बोलू. पहिल्याखाली लिहिलं, 'एक फेरी वगळते.' दुसऱ्याखाली, 'गिऱ्हाइकाला पाणी नको असेल तर वापरा.' बंद केलेला नंबर परत मिळत नाही, यादीच्या तळाशी जावं लागतं, हे एजन्सीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. इतकं माहीत होतं की ते लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

शहागंजच्या मागं एक म्हातारी बाई राहते. तिच्या नवऱ्याला लकवा मारलाय, दोन वर्षं अंथरुणातच आहे, दिवसातून तीनदा चादरी धुवाव्या लागतात. तिनं फोन केला, "नल आया है बेटा, आज टँकर नक्को. किसी और को दे देओ." एजंटनं गोड आवाजात हो म्हटलं आणि तिचा नंबर बंद करून टाकला. पुढच्या फेरीला टँकर आलाच नाही. तिनं फोन केला की उत्तर एकच, आपला नंबर आमच्याकडे नाही, नवीन लावू का? असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती रिक्षा करून एजन्सीत गेली, तेव्हा मालकानं सगळं रेकॉर्डिंग आमच्याकडं पाठवलं.

शेवटच्या फोनवर ती एजंटला नवऱ्याच्या चादरींचं सांगत होती. ते ऐकून झाल्यावर आमचे साहेब म्हणाले, "मॉडेल चुकलं." चोर सोडून संन्याशाला सुळी! मी म्हटलं, "साहेब, मॉडेल कशाला चुकतंय? माझी ओळ वाचा अन् सांगा, तुम्ही काय केलं असतं?" साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले. मला लई लाज वाटली.

ओळ दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. 'हे कायमचं आहे. गेलेला नंबर परत मिळत नाही. गिऱ्हाईक फक्त आजच्यापुरतं नको म्हणत असेल तर फेरी सोडा. शंका असेल तर आधी विचारा.' बस्स, एवढंच. मग मी एजन्सीत गेले. मालक नाय म्हणाले, तिच्या जागी दुसऱ्याला घेतलंय. मी तिथंच खुर्ची ओढून बसले. तीन तासांनी वैतागून त्यांनी एक फेरी वाढवली आणि तिला तिचा नंबर दिला.

पुढं पंधरा-वीस दिवसांनी मी तिच्या घरी गेले, माफी मागायला. फोनवर मागण्यासारखी गोष्ट नव्हती ती. तिनं चहा केला. आत नळ चालू होता, ड्रम काठोकाठ भरले होते, अन् त्याच दिवशी तिची फेरी होती. मी म्हटलं, "खालाजी, फोन करून सोडा ना आजची फेरी. आता नंबर जाणार नाही, मी स्वतः लिहिलंय."

"अब मैं नक्को नहीं बोलती, बेटी," ती म्हणाली. शेजारणीही आता फोन करत नाहीत म्हणे, तिचं काय झालं ते गल्लीत सगळ्यांनी पाहिलंय. तेवढ्यात टँकर आला. तिनं पातेली भरली, तांबे भरले, तिच्या वाट्याचं उरलेलं पाणी उंबऱ्याबाहेर सोडून दिलं. ते गटारात जाताना मी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एजंटच्या नोंदी काढून पाहिल्या. माझी ओळ आता चोख आहे. पण ती बदलल्यापासून त्या गल्लीसाठी 'फेरी सोडा' वापरायची वेळ एजंटवर एकदाही आलेली नाही.