समासातलं गवत

माझ्या प्रबंधातल्या समीकरणांना पाळण्यातली नावं होती, हे जगात फक्त दोघांना ठाऊक असायला हवं होतं. एक मी आणि दुसरा माझा लॅपटॉप. ते तिसऱ्याला कळलं, आणि तो तिसरा नेमका माझा गाईड होता.

गणिताचं लिखाण आम्ही लेटेक नावाच्या प्रणालीत करतो. तिथं समीकरणाला नंबर आपण द्यायचा नसतो. आपण त्याच्या गळ्यात फक्त एक नाव अडकवायचं. पुढं कुठंही त्या समीकरणाची आठवण काढायची झाली की ते नाव लिहायचं, आणि छापताना यंत्र नावाच्या जागी बरोबर नंबर घालतं. नाव वाचकाला कधीच दिसत नाही. मध्येच एखादं नवं समीकरण घुसवलं, तर पुढचे सगळे नंबर मुकाट्यानं एकेक पाऊल सरकतात. आणि जे समीकरण अस्तित्वातच नाही त्याला हाक मारली, तर नंबराच्या जागी दोन प्रश्नचिन्हं उमटतात.

ही सोय वापरायची अक्कल मला चार वर्षांनी आली. तोवर मी नंबर हातानं टाइप करायचो. नंबर काय, मोजता येतात, असा गणिताच्या माणसाला शोभणारा विचार होता. मग एकदा माझ्या गाईडनी, म्हणजे सरांनी, दुसऱ्या प्रकरणाच्या मधोमध एक समीकरण घालायला लावलं. मला त्याची गरज दिसेना. सर म्हणाले, "असू द्या. पडेल उपयोगी." ते घातल्यावर पुढचे सगळे नंबर एकानं चुकले. मी निम्मे दुरुस्त केले, तेवढ्यात जेवायची हाक आली, आणि जेवून आल्यावर कुठपर्यंत आलो होतो ते विसरून काही नंबर दुसऱ्यांदा पुढं ढकलले. त्या दिवशी मी यंत्राला शरण गेलो आणि एकेकाचं बारसं करायला बसलो.

नावं कुणी बघणार नव्हतंच, त्यामुळं हात सैल सुटला. सरांनी घालायला लावलेल्या समीकरणाचं नाव ठेवलं 'सरांचा हट्ट'. एक पायरी मला स्वतःलाच कधी नीट समजली नव्हती, पण प्रबंधात तिच्यापुढं मी 'यावरून उघड आहे' असं ठोकून दिलं होतं. तिचं नाव 'देव जाणे'. ही सगळी नावं रोमन लिपीत, कारण प्रबंध इंग्रजीत.

मुख्य नावं दोन होती. माझा प्रबंध म्हणजे एका किचकट समीकरणाबद्दलचे दोन दावे. तिसऱ्या प्रकरणात, त्याला उत्तर आहे. चौथ्या प्रकरणात, दुसरं उत्तर नाही. हे मी बायकोला एकदा अर्धा तास समजावून सांगितलं होतं. ती सातपाटीची, बेटेगावच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. वर्गात तिची भाषा पुस्तकातली असते, पण माझी खोड काढायची झाली की ती सरळ माहेरच्या बोलीत उतरते. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हंजे एक हाय नि दुसरं नाय. याला आठ वर्षं लागली तुमाला?"

तिसऱ्या प्रकरणातल्या मुख्य समीकरणाचं नाव पडलं 'हाय'. चौथ्यातल्याचं 'नाय'.

मी राहतो बोईसरला आणि पालघरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे पुढच्या वर्षी आपण शिक्षक आहोत की नाही हे दर जूनमध्ये नव्यानं कळतं. पदवी हातात असती तर यातून सुटका होती. पण प्रबंधाला मिळालेली तिसरी मुदतवाढ त्या महिन्याच्या अखेरीस संपत होती आणि चौथी मिळत नाही असं विद्यापीठानं लेखी कळवलं होतं. तारखेच्या आत सरांच्या सहीसह प्रबंध दाखल, नाहीतर नोंदणी रद्द आणि आठ वर्षं पाण्यात. महिना संपायला सतरा दिवस होते.

त्या शनिवारी मी बोईसरच्या झेरॉक्सवाल्याकडं सरांसाठी शेवटची प्रत काढली. सर पडद्यावर वाचत नाहीत, त्यांना कागद लागतो. दुकानदारानं पहिलं पान बघून विचारलं, "सर, बाजूला बारीक काहीतरी येतंय. चालेल ना?"

"चालेल, चालेल," मी म्हणालो. मी फोनवर होतो.

पालघरला जाऊन सरांच्या हातात प्रत ठेवली. सर म्हणाले, "बुधवारी या. ठीक असेल तर सही करून टाकतो." मी इतका खूश झालो की स्टेशनसमोर उभं राहून उसाचा रस प्यायलो. परतीच्या शेअर रिक्षात बसल्यावर स्वतःची प्रत उघडली. प्रत्येक समीकरणाच्या बाजूला, समासात, छोट्याशा चौकटीत त्याचं नाव छापलेलं होतं.

झालं होतं ते असं. प्रश्नचिन्हं शोधायला सोपं जावं म्हणून लेखकाला ही नावं समासात उमटवता येतात. फाइलच्या डोक्यावर एक ओळ टाकायची, काम झालं की काढायची. मी ती टाकली होती.

रिक्षा वाटेत उमरोळीच्या अलीकडं टँकरांच्या मागं अडकली होती. मागच्या सीटवर आम्ही चौघं, मी दोन कंपनी कामगारांच्या मध्ये. उतरून परत जावं म्हटलं तर उजव्या बाजूचा हलेना. "भाईसाब, सबको उतरना है," तो म्हणाला. मी मांडीवरच्या पानावर हात ठेवून बसून राहिलो. हाताखाली 'सरांचा हट्ट' होता.

रविवारी सकाळी सरांना फोन लावला. सरांच्या पत्नीनं, काकूंनी घेतला.

"काकू, सर आहेत? त्या प्रतीत काही स्वल्पविराम राहिलेत. दुसरी प्रत घेऊन आलो असतो."

"ते खोलीत वाचत बसलेत. मघाशी हसण्याचा आवाज आला." मग काकूंनी विचारलं, "गणितात हसण्यासारखं काही असतं का रे?"

मी म्हटलं, क्वचित.

बुधवारपर्यंतचे तीन दिवस मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. नव्या प्रबंधाचे विषय शोधले. दुसरा गाईड मिळतो का, याची चौकशी एका सहकाऱ्याकडं केली. त्यानं विचारलं, का रे, सरांना बरं नाही का? मी म्हणालो, सरांना बरं आहे, तीच अडचण आहे. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती हसतच सुटली. मग तिनं विचारलं, "माझं नाव ठेवलंय का कशाला?" मी नाही म्हणालो. ते खरं नव्हतं, पण त्या समीकरणाचा या गोष्टीशी संबंध नाही.

बुधवारी सर गॅलरीत बसले होते. समोर टीपॉयवर प्रत, तिच्यावर पेन्सिल. मला बसायला सांगितलं आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता पानं उलटायला लागले.

"दुसऱ्या प्रकरणातलं सहावं, दोन-सहा. 'सरांचा हट्ट'. हे सर कोण?"

"सर, ते... सर्वसाधारण सर."

"अस्सं." पान उलटलं. "तीन-पाच. इथं तुम्ही लिहिलंय 'यावरून उघड आहे'. समासात लिहिलंय 'देव जाणे'. यातलं खरं कुठलं?"

"समासातलं, सर."

"मलाही तसंच वाटत होतं." पुन्हा पान उलटलं. "आता हे सांगा. तीन-सातच्या बाजूला गवत कशाला?"

मला कळेना. त्यांनी पेन्सिल टेकवली. एच, ए, वाय. इंग्रजीत खरंच गवत.

"सर, ते गवत नाही. ते 'हाय' आहे. म्हणजे 'आहे'. माझ्या सासुरवाडीला तसं म्हणतात. आणि चौथ्या प्रकरणातलं आहे ते 'नाय'."

"हाय आणि नाय," सर म्हणाले. त्यांना ते आवडलेलं दिसलं. दोन-तीनदा तोंडात घोळवलं. मग पेन्सिल तिसऱ्या प्रकरणात फिरवत पुटपुटायला लागले, "हाय कशावरून... तर नाय वरून." पानं पुढं उलटली. "आणि नाय कशावरून... तर हाय वरून." पानं मागं उलटली. "हाय, नाय वरून." पुन्हा पुढं.

चौथ्या वेळी ते थांबले. तोवर मलाही दिसलं होतं. पहिलं उत्तर आहे हे सिद्ध करताना मी धरून चाललो होतो की दुसरं नाही. आणि दुसरं नाही हे सिद्ध करताना धरून चाललो होतो की पहिलं आहे. दोन माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती आणि खाली खुर्ची नव्हती.

"मी हे दोनदा वाचलंय," सर हळूच म्हणाले. "तीन-सात आणि चार-अकरा असं वाचत होतो. आकडे बघून मागं जायचा कंटाळा केला. मी सही करायला निघालो होतो."

माझी नावं ठेवण्याची हौस त्यांच्या मनाला लागली नव्हती, हे लागलं होतं. मला वाटलं, त्यापेक्षा हट्टाबद्दल शिव्या घातल्या असत्या तर बरं.

काकूंनी चहा आणला. कप बाजूला ठेवून सर म्हणाले, "ती समासातली ओळ काढली की पुन्हा फक्त आकडे राहतील. बाहेरचा परीक्षक मागं जाऊन बघेलच असं नाही. मी बघितलं नव्हतं." प्रत त्यांनी माझ्याकडं सरकवली. "तेरा दिवस आहेत. तुम्ही ठरवा. आणाल त्यावर मी सही करीन, पण वाचून."

ते शेवटचे दोन शब्द त्यांनी मुद्दाम नंतर जोडले की सहज, हे मला आजही कळलेलं नाही. मी मात्र पुरता अडकलो. खरं सांगितलं तर प्रबंध पडतो. गप्प बसलो तर सर वाचतात.

घरी बायको कोळंबी सोलत होती. तिला गॅलरीतलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, नावं काढली तर कुणाला दिसणार नाही.

"तुमाला ठाव हाय. सरांना ठाव हाय. आता मला ठाव हाय. अजून किती लोक पायजेत?"

"मग काय करू? नोंदणी जाऊ देऊ?"

"एकमेकांच्या अंगावर पडलेत ना दोघं? मंग एकाला काढा. हाय काढून टाका, नाय ऱ्हाऊ द्या."

मी तिला, पहिलीतल्या पोराला सांगावं तशा सुरात, ते का शक्य नाही हे सांगायला लागलो. "हे बघ. दुसरं उत्तर नाही हे दाखवायला पहिलं असावंच लागतं असं नाही. दोन आहेत असं नुसतं धरायचं, आणि ती दोन्ही एकच निघतात हे दाखवायचं. पहिल्याच्या असण्या-नसण्याशी त्याचा..." इथं माझं तोंड उघडं राहिलं. तिनं कोळंबीचं डोकं मोडून वाटीत टाकलं आणि वर बघितलंही नाही.

एकच अडचण होती. चौथ्या प्रकरणात मी 'हाय'कडून एक गोष्ट उसनी आणली होती. उत्तर अमुक मर्यादेबाहेर वाढत नाही, ही. ती दुसरीकडून आणायला हवी होती. आठ दिवस मी ती शोधली. बोईसरच्या रस्त्यावरनं चालताना, पर्यवेक्षणाच्या वर्गात, पोरांच्या उत्तरपत्रिकांवरून डोकं न उचलता. नवव्या दिवशी ती सापडली दुसऱ्या प्रकरणात. दोन-सहा. सरांचा हट्ट. चार ओळींत काम झालं.

मी तिसरं प्रकरण उडवलं. चौथं तिसरं झालं, सगळे नंबर आपोआप सरकले, आणि जिथं जिथं 'हाय'ला हाक मारली होती तिथं दोन-दोन प्रश्नचिन्हं उभी राहिली. ती एकेक करून मिटवली. प्रबंधाचं शीर्षक बदलून निम्मं केलं. आता त्यात एकच दावा उरला होता. उत्तर असलंच तर एकच आहे. आहे का, हे आम्हाला माहीत नाही, असं शेवटच्या प्रकरणात मी स्वच्छ लिहिलं. आठ वर्षांत मी लिहिलेलं ते पहिलं वाक्य, ज्याच्या समासात काही लपलेलं नव्हतं.

सरांनी ते दोन दिवस वाचलं. दोन-सहापाशी पेन्सिलीची बारीक खूण होती, बाकी काही नाही. सही करताना म्हणाले, "समास फारच रिकामे झाले." शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी प्रबंध दाखल झाला. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं.

बांधून झालेली प्रत घरी आणून चाळली, तेव्हा पान एकसष्टवर, तळटीपेत, अगदी बारीक अक्षरात दिसलं, 'समीकरण (??) पाहा'. यंत्रानं तसा इशारा दिला असणारच. पण ओळ जरा रुंद झाली, शब्द नीट मोडला नाही, अशा दीडदोनशे तक्रारी ते रोज करायचं, आणि मी त्या वाचणं कधीच सोडलं होतं. स्वतःच्या तळटीपा तर मी कधीच वाचत नाही. आता बांधणी उसवता येत नव्हती.

मौखिक परीक्षा ऑनलाइन झाली, आमच्याच कॉलेजातल्या एका खोलीत. लॅपटॉपसमोर मी, शेजारी सर, पडद्यावर बाहेरगावचे परीक्षक. तासभर मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होतो आणि त्यांच्या हातातलं पान बघत होतो. पन्नास. चोपन्न. साठ. त्यांनी चष्मा वर केला.

"पान एकसष्ट. तळटीपेत दोन प्रश्नचिन्हं आहेत. इथं काय होतं?"

सोळा दिवसांची हकिगत एका वाक्यात कशी सांगावी, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात सर पुढं वाकले.

"गवत होतं," ते म्हणाले. "बेणून काढलं. एक काडी राहिली."

परीक्षकांनी मान हलवली आणि पान उलटलं.