सुपारीच्या जागेवरचे पणजोबा

मी बी.ए. झालो तो माझ्या थोरल्या आत्यामुळे. आमच्या घरात त्याआधी सही करण्यापलीकडे कोणी शिकलं नव्हतं. आत्या तरुणपणीच विधवा होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी परत आली होती. मी सांगलीला कॉलेजात होतो ती चार वर्षं दर शनिवारी सर्व्हिस मोटारीच्या टपावरून तिनं भाकरीचं गाठोडं पाठवलं. निकाल लागल्यावर मी तिच्या पाया पडलो आणि विचारलं, "आत्या, तुला काय आणू?"

"लुगडं नगं मला. तू आता शिकलास. आमच्या आज्याचं काय झालं तेवढं हुडक."

तिचा आजा म्हणजे माझे पणजोबा. सत्तावनच्या बंडात ते पलटणीतून निघून बंडवाल्यांना मिळाले, एवढंच घराला ठाऊक होतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. पण पणजोबा मेल्याची खबरच आली नाही, म्हणून इतर टाकांशेजारी त्यांच्या जागी तांदळावर एक सुपारी असे. दर दसऱ्याला ती बदलायची.

पणजी शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली. बायका तोंडावर म्हणत, "कुणाच्या नावाचं गं?" पहिल्या प्लेगात ती गेली, तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवायला, तिची ओटी भरायला एकही सवाष्ण पुढं आली नाही. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नसतो. तरी विशीतल्या आत्यानंच ते तिच्या कपाळी लावलं. आपण चुकलो का, हा प्रश्न तेव्हापासून तिनं मनात वागवला होता.

मी आधी साताऱ्याला गेलो. पेन्शनीतल्या सुभेदारांना भेटलो, कचेरीत अर्ज दिला. पळालेल्या शिपायाचा कागद कुणाकडंच नव्हता.

सुगीनंतर आमचा हेळवी आला. कानडी मुलखातून बैलावर बसून येणारा आणि घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणणारा हा माणूस. जोंधळे पदरात पडल्यावर तो म्हणू लागला आणि पणजोबांना गाळून पुढं गेला.

"थांबा. मधलं का सोडलं?"

"तुमच्या आज्यानंच सवय लावलीया. हे नाव आलं की म्हणायचे, म्होरं चला, म्होरं चला. सरकारचं भ्या हुतं. मग कुणी इचारलंच न्हाई."

"मी विचारतो."

तो बैलाशेजारी खाली बसला. "माझ्या आज्याला घावले हुते ते. पाटणच्या वरल्या अंगाला, एका वाडीत. आज्याकडनं समद्या घरादाराची नावं म्हणवून घेतली, दोनदा. आन् अंगावरचं घोंगडं काढून दिलं. मी हाय म्हणून सांगू नगा, म्हणले."

ज्याला आम्ही दर सुगीला जोंधळे घालत होतो, त्याच्याच घराला सगळं माहीत होतं. मला राग यायला हवा होता. पण बेचाळीसनंतर आमच्याच उसात भूमिगत पोरं लपत होती आणि गावात कुणाच्या तोंडून त्यांचं नाव निघत नव्हतं. मी वाडीचं नाव तेवढं विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी निघालो. वाडीतल्या ऐंशीच्या म्हाताऱ्यानं मला देवळाच्या पायरीवर बसवलं. 'पलटणवाला' त्याला चांगला आठवत होता. देवळामागं खोपटात राही, गावाची गुरं राखी.

"आमच्या बापानं लय येळा म्हटलं, गड्या, लगीन कर. तर म्हणायचा, बायको हाय घरी."

"ते गेले कधी?"

"प्लेगात समदी माळावर ऱ्हायला गेली, तवा राखणीला ह्यो एकलाच गावात. काय बी झालं न्हाई त्याला. त्याच्या म्होरं दोन पावसाळं काढलं की!"

"पहिल्याच प्लेगात ना?"

"व्हय, पयल्याच. दुसऱ्या टायमाला त्यो न्हवता."

पाटणच्या पोस्टात बसून मी आत्याला पत्र लिहिलं. गावच्या मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं.

"आत्या,

तुझा आजा सापडला. तो लढाईत पडला नाही. पाटणच्या डोंगरात गुरं राखून राहिला. दुसरं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर, बायको घरी आहे, असं सांगायचा. तुझी आजी गेली तेव्हा तो जिवंत होता, त्यानंतर दोन पावसाळे जगला. तू लावलेलं कुंकू बरोबर होतं.

सोनाराला सांग, टाकावर घोडा-तलवार नको. दोघांना शेजारी उभं कर आणि आजीच्या कपाळावरचं कुंकू नीट कोरून घे. सुपारी मात्र मी येईपर्यंत हलवू नकोस. ती आपण दोघं मिळून उचलू."