आत्यानं ठेवलेलं नाव: उधाणी

माझं नाव उधाणी. आमच्या खाडीकाठच्या गावात या नावाची दुसरी बाई झाली नाही, आणि होऊ नये याची माझ्या आज्यानं पुरती काळजी घेतली.

अमावास्या-पौर्णिमेला खाडीला मोठी भरती येते, ते उधाण. भादव्यात भर दुपारी असं उधाण आलं, आमचा बांध फुटला, उभ्या भातात खारं पाणी शिरलं आणि त्याच दुपारी मी जन्मले. गावानं दोन्हींचं सारखंच दुःख केलं.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. आज्यानं तिला आधीच बजावलं होतं, "शांता ठेव. गुमान."

आत्या पाळण्याशी वाकली, माझ्या कानात कुर्र केलं आणि मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उधाणी."

"ज्या पाण्यानं भात न्हेला, त्याचं नाव पोरीला?" आजा म्हणाला.

"पाणी त्याच्या येळेला आलं, बा. आषाढात मी बांधात खेकड्यांनी पोखरलेली बिळं दाखवली, तवा तुमी काय म्हनलात? बाईनं चुलीकडं बघावं. आता मारा रोज हाक."

कानात गेलेलं नाव काढता येत नाही. आजा कित्येक वर्षं मला 'अगं ए' म्हणायचा. मीही पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर नुसती उभी राहायचे. तो खाकरायचा, आढ्याकडे बघायचा, शेवटी पुटपुटायचा, "उधाणे, दे." आणि दर आषाढात, कुणाला न सांगता, टोपलीभर चिखल घेऊन बिळं बुजवायला जायचा.

चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं. मांडवात ताटभर तांदूळ पसरले होते. नवरा अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिणार होता. कुठलं, ते मला आजतागायत ठाऊक नाही, कारण पहिलं अक्षर उमटायच्या आत आजा उठला.

"थांबा, जावईबापू. हे नाव गिळायला मला चौदा वर्सं लागली. तुमी एका ताटात पुसनार?"

"रीत आहे," सासरे म्हणाले.

"रीत आमच्यात पन हाय. नाव आत्या ठेवते. इचारा तिला."

आत्यानं ताट उचललं, तांदूळ धुतले, शिजवले आणि व्याह्यांच्याच पानात वाढले.

व्याह्यांनी तो भात दुसऱ्यांदा मागून घेतला.