आधी नाव

गोळी देण्याआधी या इस्पितळातली नर्स दर वेळी विचारते, "आजोबा, पूर्ण नाव सांगा."

"अगं, सकाळीच सांगितलं ना? विसरलीस?"

"विसरले नाही. पण विचारल्याशिवाय द्यायचं नाही." मग मनगटावरच्या पट्टीशी नाव ताडून ती गोळी हातावर ठेवते. मला भेटायला येणारं आता कोणी उरलेलं नाही. दिवसभरात माझं नाव विचारणारी ती एकटीच.

मी डॉक्टर होतो तेव्हा आम्ही रुग्णांना खाटेच्या नंबरानं ओळखायचो. एका उन्हाळ्यात पंख्याखालच्या खाटेसाठी दोघांनी आपसांत जागा बदलली. मी नाव न विचारता "पाच नंबर" म्हणत इंजेक्शन टोचलं आणि भलताच माणूस दगावला. खाटा बदलू दिल्याचा ठपका वॉर्डातल्या सुमनसिस्टरवर आला. तिची नोकरी गेली, मी गप्प राहिलो. एवढासा प्रश्न होता, माणसाला माणूस म्हणून विचारायचा. तो मीच विचारला नव्हता.

संध्याकाळी नर्स आली तेव्हा म्हणालो, "पोरी, एक लिहून घेशील? माझ्या हातून एक माणूस गेला. सुमनसिस्टरची चूक नव्हती."

ती थबकली. स्टूल ओढून जवळ बसली.

"लिहिते, आजोबा. पण आधी नाव सांगा."

मी पूर्ण नाव सांगितलं.