अंगठा लावून गेलेले गुरुजी

चाकणजवळच्या आमच्या गावात शाळेत गुरुजींच्या हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसलं, तेव्हा मला बरं वाटलं. आता गुरुजी रोज येतील, नात शिकेल.

एका सुट्टीच्या दुपारी नात शाळा-शाळा खेळत होती. तिनं बाहुल्या ओळीनं बसवल्या, दाराच्या चौकटीला अंगठा लावला, मशीनच्या आवाजात "धन्यवाद" म्हणाली आणि अंगणात निघून गेली. बाहुल्या भिंतीकडं बघत तशाच बसून राहिल्या.

"अगं, शिकवणार कोण?"

"गुरुजी आले की, आजोबा! मशीन बोललं न्हाई का?"

माझा उभा जन्म कंपनीत हजेरीचं कार्ड पंच करण्यात गेला. तिथं पंच करून माणूस पळाला, तर लाइन थांबते, सगळ्यांना कळतं. वर्गात काहीच थांबत नाही. पोरं तशीच मोठी होत राहतात.

शाळा उघडली तसा मी फाटकात जाऊन बसलो. गुरुजी अंगठा लावून गाडीकडं वळले.

"बाबा, सरका जरा. गिऱ्हाईक थांबलंय, प्लॉट दाखवायचाय."

"आधी पोरांना तोंड दाखवा."

गुरुजी वर्गात गेले. मी अजून रोज तिथं बसतो. तरी घरी नात चौकटीपाशी थबकली, की ते धन्यवाद ऐकू येण्याआधीच मी कान झाकून घेतो.