चांगुणाबाईच्या बोटाचं रगत

ताडकळसच्या शिवारात तूर कापताना चांगुणाबाईच्या बोटाला विळा लागला, त्यात नवल काहीच नव्हतं. विळ्यानं तिची सगळी बोटं कधी ना कधी चाखली होती. चिमूटभर माती दाबायची आणि पुढं सरकायचं, हाच तिचा रिवाज. आज मात्र रगत थांबेना. ती दर घडीला बोटावर दाबलेला पदर उचलून बघे, आणि बघितलं की पुन्हा धार.

पलीकडं तूर कापणारी सून रोहिणी धावत आली. ती गावची आशाताई, घरोघरी आरोग्याचं काम बघणारी. तिनं प्यायच्या पाण्यानं माती धुतली, धुतलेला रुमाल घडी करून बोटावर दाबला आणि सासूला बाभळीखाली आडवं केलं.

"आत्याबाई, गोळी-बिळी घेतली व्हती का?"

"गुडघ्यासाठी रोजच घ्यायलेय की. तुज्या मामंजीची, ती बारकी."

"काळजाची?"

"त्यायच्या ताटात जेवते, मंग गोळीच तेवढी येगळी कशाला?"

रोहिणीनं कपाळाला हात लावला. हसूही दाबलं.

"अवो, ती गोळी रगत गोठू नये म्हणून असती. रगतात बारीक कण असतेत, प्लेटलेट. नस कापली की तिथं जमतेत, एकमेकीला चिकटून भोक बुजवतेत. तुमी त्यायला गोळी चारून चिकटायचंच इसरायला लावलं."

"मंग आता?"

"समद्याच न्हाई इसरल्या. उशीर लागल, पण येतेल. तुमी फकस्त दाबून धरा, उचलून बघू नका. बघितलं की जमलेल्या सुटतेत. तरी न्हाई थांबलं तर गाडीवर बसवून दवाखान्यात नेते."

चांगुणाबाईनं रुमाल घट्ट धरला आणि डोळे मिटले. ऊन पापण्यांवर तांबडं झालं. त्या तांबड्यात तिला ओढा दिसला, कोमट, संथ. एका जागी काठ फुटलेला. पाण्यातून चपट्या, टिकलीएवढ्या बाया येत होत्या. फुटल्या काठाशी आल्या की त्यांना हात फुटत आणि एक दुसरीला बिलगे. काही मात्र झोपेतच वाहून जात. त्या कोणाच्या पापानं झोपल्यात, हे चांगुणाबाईला पक्कं ठाऊक होतं.

"चुकलं गं बायांनो," ती पुटपुटली.

मग जाग्या असलेल्या बायांभोवती कुठून तरी बारीक सूत आलं. सुताचं जाळं झालं. जाळ्यात लाल दाणे अडकत गेले, अडकत गेले, आणि ओढ्याचा आवाज मंद होत होत पार लांब गेला. बोट खाजत होतं. बघावंसं लय वाटत होतं. तिनं बघितलं नाही.

सावली पायांवरून सरकली. रुमालावरचा लाल डाग मघाएवढाच होता. रोहिणीनं हळूच कडा उचलायला हात नेला, तशी चांगुणाबाईनं डोळे न उघडताच तो बाजूला सारला.

"दम धर की गं. मागं राहिलेल्या यायल्यात आजून."