शनिवारची सर्जरी

त्याला मी 'ते' म्हणणार नाही. वयाने तो माझ्या वडिलांएवढा, चौदा वर्षं ब्रिटिश पार्लमेंटचा मेंबर, आणि मोठ्या माणसाला अहो-जाहो करावं हे आईने मला लहानपणीच शिकवलेलं. पण याला नाही करणार, आणि तेही आईसाठीच. इंग्रजीत एक बरं असतं, 'यू' म्हटलं की मान दिला की शिवी घातली ते समोरच्याला कळत नाही. नऊ महिने मी त्याला यू यू करत होते आणि मनात अरे-तुरे चाललं होतं.

दोन हजार वीसचा ऑक्टोबर. आयर्लंडमधल्या कासलबारच्या ज्या हॉटेलात मी रिसेप्शनला होते ते लॉकडाउनमुळे मार्चमध्ये बंद झालं, उन्हाळ्यात जेमतेम उघडलं आणि पुन्हा बंद झालं. नवरा गॉलवेतल्या मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत, तो जेवणाचं टेबल अडवून दिवसभर मीटिंगा करायचा. मी घरात नुसती प्रेस उघडून डबे पुसत होते. इथे राहून राहून कपाटाला प्रेस म्हणायची सवय लागलीय. अशात दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: आठवणींच्या पुस्तकासाठी टायपिस्ट पाहिजे, पेशन्स हवा. घर आमच्यापासून चार किलोमीटरवर, म्हणजे पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही या लॉकडाउनच्या नियमात बसणारं. मी फोन केला. म्हातारा म्हणाला, मी बोलून रेकॉर्ड करतो, तू टाइप कर, मग मला फोनवर वाचून दाखव, कारण माझे डोळे गेलेत. कडेकडेचं दिसायचं त्याला, पण अक्षर लागत नव्हतं.

पहिली फाइल लावली. त्यात त्याने आपलं नाव सांगितलं आणि उत्तर इंग्लंडमधल्या त्या गावाचं नाव सांगितलं, जिथून तो निवडून यायचा. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. नवरा म्हणाला, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आवाज मोठा आहे.

त्या गावात आम्ही लग्नानंतर दोन वर्षं काढली होती. सतरा वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या पहिल्या नोकरीवर. मला दिवस गेले होते, बीपी सारखं वर जायचं, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं आणि नवरा बारा बारा तास कारखान्यात. आई पुण्याहून यायची होती. डिंकाचे लाडू झाले होते, बाळंतविडा शिवून झाला होता, बॅग भरली होती. व्हिसा नाकारला. कारण काय, तर ही बाई परत जाईल असं वाटत नाही. माझी आई, जी दोन दिवस मावशीकडे गेली तरी कुंड्यांना पाणी कोण घालणार म्हणून तिसऱ्या दिवशी परत यायची.

घरमालकीण म्हणाली, एमपीला भेट. तो पत्र लिहितो, मग परत विचार करतात. शनिवारी त्याची सर्जरी असते, लायब्ररीच्या वर.

आता सर्जरी म्हटल्यावर मी काय समजणार. तिथे डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणायचे, मी दर पंधरवड्याला जात होते. आणि आपल्याकडे डॉक्टर मंडळी निवडणुकीला उभी राहतातच की, सकाळी पेशंट आणि संध्याकाळी सभा. मला वाटलं हा त्यातलाच. तपासेल, आई का हवी ते लिहून देईल. म्हणून मी सगळे रिपोर्ट घेतले, आणि तिथली नर्स दरवेळी मागायची म्हणून लघवीची बाटलीसुद्धा घेतली. खाकी पिशवीत नीट गुंडाळून. माझा नंबर आला, एमपी 'नाउ देन', म्हणजे हं, बोला, म्हणाला, आणि मी ती बाटली त्याच्या टेबलावर ठेवली.

आधी त्याला कळेना. मग कळलं. मग तो इतका हसला की बाहेर रांगेत बसलेल्या माणसाने आत डोकावून पाहिलं. त्यानेच मला समजावलं की मतदारांना भेटायच्या वेळेला इथे सर्जरी म्हणतात. मी बाटली पिशवीत घातली. मग आईचं सगळं सांगितलं. त्याने कुठेही काही लिहून घेतलं नाही. डोळे पुसत म्हणाला, माझ्यावर सोड.

सोडलं. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा त्याच्या ऑफिसातून उत्तर आलं की काम चालू आहे. नोव्हेंबरात मुलगी झाली. मी एकटी होते, नवरा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईने लाडू शेजारच्या सुनेला देऊन टाकले. फोनवर म्हणाली, अगं वाया कशाला घालवायचे, तिचाही आठवा चालूच होता. पुढच्या दिवाळीच्या आधी आई गेली. आमचे पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या कामासाठी सरकारकडे पडून होते, त्यामुळे आईने नातीला फोटोतच पाहिलं.

तर हा तो माणूस. मी काम सोडायला हवं होतं. नाही सोडलं. मला एकच हवं होतं, की त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, मी पत्र लिहिलं नाही. सगळं आयुष्य सांगतोय म्हणतो ना, मग हेही सांगू दे.

त्याचं आयुष्य मला तोंडपाठ झालं. बाप खाटिक, दुकान चौकात. हा भूगोलाचा मास्तर. दोनदा पडला, तिसऱ्यांदा मतं तीन वेळा मोजून जेमतेम आला. पार्लमेंटमधलं पहिलं भाषण गावच्या बससेवेबद्दल केलं, ऐकायला मोजकी डोकी आणि त्यातलं एक झोपलेलं. स्टेशनवरच्या पुलासाठी सहा वर्षं पत्रं लिहिली आणि पूल करून घेतला. म्हणजे पत्रं लिहिता येत होती साहेबांना. एकदा मंत्री करणार अशी कुजबुज होती, तेव्हा नवा सूट घालून दिवसभर फोनपाशी बसला. फोन आलाच नाही. ते सांगताना त्याचा आवाज बसला. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाईट वाटलं. मग मी माझे तीन फोन आठवले आणि ते वाईट वाटणं गेलं. पुढे सीट गेली, बायको इथली, मेयो काउंटीची, म्हणून तिच्या माहेरच्या घरात येऊन राहिला, मग बायकोही गेली. मला 'पेट' म्हणायचा. त्यांच्याकडे लाडाने म्हणतात. आपल्याकडे पाळलेल्या जनावराला म्हणतात. तू कुठली, असं एकदाच विचारलं. मी म्हटलं, कासलबारची. त्याला पुरलं.

जानेवारीत सगळं पुन्हा कडेकोट बंद असताना अकराव्या प्रकरणाची फाइल आली. त्यात मीच होते.

एक भारतीय बाई, म्हणे, बाटली घेऊन सर्जरीला आली. इतकं रंगवून सांगितलं होतं की लगेच कळत होतं, हे शंभर जेवणावळींत घोळून गुळगुळीत झालंय. कुठे थांबायचं, कुठे खोकायचं, सगळं बसवलेलं. आणि शेवट काय, तर मी त्याच दुपारी कडक पत्र लिहिलं, महिन्याभरात तिची आई आली, आणि मुलगा झाला त्याचं नाव त्यांनी माझ्यावरून ठेवलं.

मुलगा. माझी मुलगी तेव्हा वरच्या खोलीत लॅपटॉपवर आयरिश भाषेचा तास करत बसली होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तरी मी त्याला एक संधी दिली. फोनवर विचारलं, हे पत्र खरंच गेलं का, नक्की आठवतंय ना? म्हणाला, अर्थात. जसंच्या तसं ठेव, पेट, पुस्तकातली सगळ्यात झकास गोष्ट आहे ती.

ठीक आहे, म्हटलं. आणि जसंच्या तसं ठेवलं नाही.

त्याची वाक्यं आता माझ्या हातात बसली होती. 'स्पष्टच सांगतो' अशी तो सुरुवात करायचा. मी टाइप केलं: स्पष्टच सांगतो, ती बाई घाबरलेली होती आणि मी तिला हसलो. मी पत्र लिहिलं नाही. तिने तीनदा फोन केला, मी एकदाही घेतला नाही. तिची आई आली नाही. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं लोकांना हसवायला सांगत आलो आणि दरवेळी शेवट खोटा सांगितला. बस, एवढंच. फोनवर वाचून दाखवताना मात्र मी त्याचीच गोष्ट म्हटली, मुलग्यासकट. तो खूश होऊन हसला. छापखान्याकडे फाइल मीच पाठवली.

मला लाज वाटली का? नाही. जुलैत पुस्तक छापून झालं, प्रती त्याच्या जुन्या गावी गेल्या, आणि मी वाट पाहत बसले. लायब्ररीत लोक ते पान काढून एकमेकांना दाखवतील. जुने कार्यकर्ते फोन उचलणार नाहीत. कुणीतरी ते त्याला वाचून दाखवेल आणि तो खुर्चीत बसल्या जागी पांढराफटक पडेल. हे मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना रोज मनात घोळवत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

झालं भलतंच. लोकांना ते प्रकरण आवडलं. राजकारणातला माणूस आपली चूक अशी उघड कबूल करतो, केवढा मोठेपणा, अशी पत्रं यायला लागली. तिथल्या रेडिओवाल्यांनी मुलाखत घेतली. मी ती ऐकली. तो म्हणाला, ते लिहिणं मला जड गेलं, पण लिहायलाच हवं होतं. जड गेलं म्हणे. टाइप माझ्या बोटांनी केलं होतं. घरी मुलीने पुस्तक चाळलं, ते पान वाचलं आणि म्हणाली, "फेअर प्ले टू हिम, मम. अ‍ॅट लीस्ट ही ओन्ड अप." मानलं त्याला, निदान कबूल तरी केलं, असं. ती बाई कोण हे मी तिला कधी सांगितलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. सप्टेंबर होता, मास्क लावून माणसाकडे जाता येत होतं. स्वयंपाकघरात बसला होता, पुढ्यात पत्रांचा ढीग. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "अकरावं प्रकरण तू जरा घासूनपुसून घेतलंस, पेट. पुतणीने वाचून दाखवलं. मी नेमकं तसं म्हटल्याचं आठवत नाही. पण छान जमलंय."

म्हणजे याला माहीत होतं. रेडिओवर बोलतानाही माहीत होतं.

मी म्हटलं, "ती बाटली माझी होती."

ज्या कडेने दिसायचं त्या कडेने मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल. अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता तोंडातून निघेल. मग अगदी हळू, मास्तर पोराला समजावतो तसं, तो म्हणाला, "हे कुणाला कळायची गरज नाही ना?"

मी भांडायला आले होते, पण भांडण तिथेच संपलं. असल्या माणसाच्या तोंडून माफी काढून मी ती ठेवणार कुठे. पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्याच्या पत्रांवरच ठेवला. "नाही कळणार," मी म्हटलं. "पत्र लिही."

"कसलं पत्र?"

"व्हिसा ऑफिसरला. माझ्या आईसाठी. तू बोल, मी टाइप करते."

"पण ती आता..."

"ती गेली. बोल."

नको म्हणून बघितलं त्याने. दमलोय म्हणाला, डोळ्यांचं कारण सांगितलं, याला काय अर्थ आहे असंही म्हणाला. मी म्हटलं, रेडिओचा नंबर माझ्याकडे आहे. मग त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली. आणि काय सांगू, त्याला येत होतं. माझ्या मतदारसंघातील एक रहिवासी, प्रकृती नाजूक, प्रथम प्रसूती, जवळचं दुसरं कुणी नाही, तरी निर्णयाचा त्वरित फेरविचार व्हावा. एकही शब्द अडला नाही. पुढे थांबून त्याने विचारलं, तिचं नाव काय? मी आईचं नाव सांगितलं. त्याने चुकीचं म्हटलं. मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा, नीट येईपर्यंत. त्याने तारीख विचारली. मी अठरा वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारची सांगितली.

त्याच्या प्रिंटरवर पान काढून मी ते पुढ्यात ठेवलं. खाली सही करायला मी त्याचा हात धरून ओळीवर ठेवला नाही, त्यानेच चाचपडत जागा शोधली. तेवढ्यात माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत चार मिनिटं लागली होती.